एन्सोनिक ईपीएस आणि एएसआर-१०: फ्लॉपी ड्राइव्ह बदलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या सॅम्पलर कीबोर्डबद्दल (म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज कळांवर वाजवणाऱ्या कीबोर्डबद्दल) येणाऱ्या प्रश्नांतले निम्मे एन्सोनिकचे असतात आणि त्यातले बहुतेक फ्लॉपीपाशी येऊन थांबतात. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वाचायला सुरुवात कुठूनही करा, पण प्रश्न ४ वगळू नका. बाकी सगळं दुरुस्त करता येतं, पुसली गेलेली फ्लॉपी येत नाही.

१. हे कीबोर्ड नेमके कुठले? आणि चालू करायलासुद्धा फ्लॉपी का लागते?

एन्सोनिक ही अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात माल्व्हर्न इथली कंपनी, १९८२ साली सुरू झालेली. कमोडोर ६४ संगणकातली प्रसिद्ध 'सिड' ही आवाजाची चिप बनवणारे बॉब यान्स तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांचा मिराज हा स्वस्तातला सॅम्पलर १९८० च्या दशकाच्या मध्याला गाजला. नंतर १९८८ मध्ये ईपीएस, १९९० मध्ये ईपीएस-१६ प्लस आणि १९९२ मध्ये एएसआर-१० आला. आरझेडए, टिंबलँड, कान्ये वेस्ट या हिप-हॉप संगीतकारांची नावं या यंत्रांशी जोडलेली आहेत, म्हणूनच आज त्यांना मागणी आहे. १९९८ मध्ये क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीने एन्सोनिक विकत घेतली. म्हणजे कंपनीकडून सुटे भाग मिळण्याचा विषय कधीच संपला.

यंत्रात ऑपरेटिंग सिस्टिम कायमची बसवलेली नाही. चालू केल्यावर ती फ्लॉपीवरून मेमरीत येते आणि बंद केल्यावर मेमरीसकट जाते. तुमचे आवाजही तसेच. त्यामुळे ड्राइव्ह बिघडला की आवाज वाचता येत नाहीत एवढ्यावर भागत नाही, अख्खा कीबोर्डच मुका होतो.

२. ड्राइव्ह बदलला तर त्या आवाजातला जुना दाणेदारपणा जाईल का?

नाही. तो आवाज सॅम्पलिंगच्या आणि आउटपुटच्या सर्किटमधून येतो. फ्लॉपीवर असतात ते नुसते आकडे, आणि ते पेन ड्राइव्हवरून (कसे ते प्रश्न ६ मध्ये) आले तरी तेच राहतात. "फ्लॉपीवरून लोड केलं की उबदार वाजतं" असं सांगणारे भेटतील. वाद घालू नका, चहा पाजा.

३. ड्राइव्ह खरंच गेलाय हे ओळखायचं कसं?

आधी फ्लॉपी बदलून बघा. एकच फ्लॉपी अडत असेल तर दोष फ्लॉपीचा. सगळ्याच अडत असतील तर ड्राइव्हचं हेड साफ करा: न पिंजणारा कापडी स्वॅब आणि ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल. मेडिकलच्या दुकानात मिळणारं स्पिरिट नको, त्यात पाणी आणि इतर काय काय असतं. हेड ज्या दांडीवर मागेपुढे सरकतं तिच्यावरचं तीस वर्षांचं ग्रीस बऱ्याचदा मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते पुसून अगदी थोडं नवीन लावलं की कितीतरी 'मेलेले' ड्राइव्ह परत धावू लागतात.

तरीही अडतंय? मग ड्राइव्हला जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा मल्टिमीटरने मोजा, आणि तोही ड्राइव्हची मोटर फिरत असताना. पॉवर सप्लायचे कॅपॅसिटर म्हातारे झालेले असतील तर भार आला की व्होल्टेज खाली बसतं. अशा वेळी ड्राइव्ह बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नवीन लावलेलं यंत्रही दोन दिवसांनी तसंच रुसेल.

४. जुन्या फ्लॉप्या वाचवायच्या आहेत. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर विंडोज म्हणतं "फॉरमॅट करायची का?" काय करू?

'नाही' म्हणा आणि फ्लॉपी लगेच बाहेर काढा. 'हो' दाबून आयुष्यभराचे सॅम्पल घालवलेले लोक आहेत.

कारण असं. संगणकाच्या १.४४ एमबी फ्लॉपीवर दर ट्रॅकला (गोल पट्ट्याला) १८ सेक्टर (तुकडे) असतात. एन्सोनिकने ५१२ बाइटचेच सेक्टर घेतले, पण ट्रॅकला डीडी (डबल डेन्सिटी, कमी क्षमतेच्या) फ्लॉपीवर १० आणि एचडी (हाय डेन्सिटी, जास्त क्षमतेच्या) फ्लॉपीवर २० बसवले. त्यामुळे ८० ट्रॅक आणि दोन बाजू धरून डीडीवर ८,१९,२०० बाइट मावतात, एचडीवर १६,३८,४००. वरची फाइलपद्धतीही स्वतःची, संगणकाची नव्हे. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हच्या आतल्या चिपला फक्त संगणकाचे ठरावीक प्रकार येतात, हा येत नाही. कुठलंही सॉफ्टवेअर टाका, त्या ड्राइव्हने हे काम होणार नाही.

रस्ते दोन. पहिला, आणि आज सगळ्यात सोपा, म्हणजे ग्रीसविझल नावाचं छोटं सर्किट. ते एका बाजूने यूएसबीला जोडायचं आणि दुसऱ्या बाजूने जुन्या डेस्कटॉप संगणकातल्या साध्या ३.५ इंची फ्लॉपी ड्राइव्हला. ते फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं, आणि एन्सोनिकच्या दोन्ही प्रकारांची व्याख्या त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तयारच आहे. दुसरा रस्ता म्हणजे मदरबोर्डवरच फ्लॉपीचा ३४ पिनांचा सॉकेट असलेला जुना संगणक. त्यावर लिनक्स घालून ईपीएसलिन हे एन्सोनिकच्या डिस्क हाताळणारं सॉफ्टवेअर चालवता येतं, किंवा विंडोज एक्सपीवर ऑम्निफ्लॉप.

प्रत्येक फ्लॉपी वाचताना किती सेक्टर खराब निघाले ते लिहून ठेवा. एखादी अडली तर हेड पुसून पुन्हा वाचा, मग दुसऱ्या ड्राइव्हवर वाचा. हेडच्या जागेत सूक्ष्म फरक असतो, त्यामुळे एका ड्राइव्हवर न वाचलेली फ्लॉपी दुसऱ्यावर बिनतक्रार वाचली जाते. आणि वाचायच्या आधी प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातली लिहू न देणारी चकती सरकवून भोक उघडं करा. भोक उघडं म्हणजे फ्लॉपी सुरक्षित.

५. फ्लॉपीवर बुरशी दिसतेय. तशीच घालून बघू का?

अजिबात नको. मुंबईत आणि कोकणात दोन-चार पावसाळे कपाटात काढलेल्या फ्लॉपीला बुरशी नसली तरच नवल. बघायचं असं: पत्र्याचं शटर बोटाने बाजूला करा, मागची धातूची चकती हळूहळू फिरवा आणि तबकडी तिरप्या उजेडात धरा. नितळ काळपट-तपकिरी पृष्ठभागावर पांढुरके ठिपके किंवा जाळीसारखे डाग दिसले तर ती बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये गेली की ते कण हेडला चिकटतात, आणि पुढच्या प्रत्येक फ्लॉपीवर गोल ओरखडा उमटतो. एक फ्लॉपी दहा घेऊन जाते.

वाचवायची असेल तर: शटर काढा, प्लॅस्टिकचं कवच कडेने अलगद उघडा, तबकडी बाहेर घ्या. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ओल्या केलेल्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या. मग दुसऱ्या स्वच्छ, टाकाऊ फ्लॉपीचं कवच उघडून त्यात बसवा. जुन्या कवचातल्या अस्तरात बुरशी राहिलेली असते, म्हणून ते परत वापरायचं नाही. एकदा वाचून इमेज (अख्ख्या फ्लॉपीची नक्कल असलेली एक फाइल) घ्या, ड्राइव्हचं हेड पुसा, आणि ती फ्लॉपी बाजूला ठेवा. रोज वापरायला ती आता नाही.

६. गोटेक म्हणजे काय? ऑनलाइन मिळणारा कुठलाही चालेल का?

गोटेक हा ३.५ इंची फ्लॉपी ड्राइव्हच्याच आकाराचा डबा. मागे तोच ३४ पिनांचा सॉकेट, पुढे यूएसबीचं तोंड. कीबोर्डला वाटतं फ्लॉपी ड्राइव्ह आहे, प्रत्यक्षात तो पेन ड्राइव्हवरच्या इमेज फाइल वाचत असतो.

विकत मिळतो तसा तो आपल्या कामाचा नाही. कारखान्यातून येणाऱ्या फर्मवेअरला (डब्याच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरला) फक्त संगणकाच्या पद्धतीच्या फ्लॉप्या समजतात, एन्सोनिकच्या १० सेक्टरच्या नाहीत (कारण प्रश्न ४ मध्ये). "गोटेक लावला, चालत नाही" अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा हेच निघतं. त्यावर फ्लॅशफ्लॉपी हे मोफत आणि खुलं फर्मवेअर चढवावं लागतं, किंवा एचएक्ससी हे परवाना विकत घेऊन मिळणारं. माझं मत फ्लॅशफ्लॉपीला. पुढची सगळी उत्तरं तेच धरून आहेत.

घेताना शक्य असेल तर छोटा ओएलईडी पडदा आणि फिरवायचं बटण बसवलेला घ्या. तीन आकडी लाल दिव्यांच्या पडद्यावर "०४७" दिसतं, आणि ०४७ म्हणजे तबला की व्हायोलिन हे तुम्ही वहीत शोधत बसता. ओएलईडीवर फाइलचं नाव वाचता येतं.

७. फ्लॅशफ्लॉपी चढवायची कशी? मला सोल्डरिंग येत नाही.

गोटेकच्या आत कुठली चिप आहे त्यावर ठरतं. जुन्या डब्यांत एसटीएम३२ कुळातली चिप असे, नंतरच्यांत आर्टरी कंपनीची एटी३२. पहिल्या वेळी फर्मवेअर चढवताना बोर्डवरचे बूटचे दोन बिंदू जोडावे लागतात. मग दोन्ही टोकांना मोठा यूएसबी प्लग असलेली केबल थेट संगणकाला लावून किंवा यूएसबी-टीटीएल सीरियल जोडणीने ते पाठवायचं. काही बोर्डांवर पिना लावलेल्या असतात आणि जंपर टोपी घातली की भागतं. काहींवर नुसती भोकं असतात, तिथे सोल्डरिंग आलंच.

जमणार नसेल तर फ्लॅशफ्लॉपी आधीच चढवलेला गोटेक विकत घ्या, थोडा महाग पडतो. किंवा लॅमिंग्टन रोडला, पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाजवळच्या बाजारात मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणाऱ्या कुणाकडे हे काम दहा मिनिटांचं आहे. ३४ पिनांची केबल, ओएलईडी, फिरतं बटण हेही तिथेच मिळून जातं.

पहिल्यांदा चढवून झालं की पुढची अपडेट सोपी: नवी फाइल पेन ड्राइव्हवर टाकायची आणि दोन्ही बटणं दाबून धरून गोटेक चालू करायचा.

८. पेन ड्राइव्ह किती जीबीचा घ्यावा? त्यावर काय काय टाकायचं?

घरातला सगळ्यात लहान. हजार डीडी इमेज ठेवल्या तरी एक जीबी भरत नाही. एफएटी३२ फॉरमॅट करा. काही पेन ड्राइव्ह कारण न देता चालत नाहीत, म्हणून एक हट्ट धरून बसला तर दुसरा लावून बघा.

पेन ड्राइव्हच्या मुळाशी (कुठल्याही फोल्डरच्या आत नाही) एफएफ.सीएफजी नावाची छोटी मजकुराची फाइल ठेवायची (अक्षरं अर्थातच रोमन), आणि तिच्यात होस्ट म्हणून एन्सोनिक लिहायचं. ही एक ओळ फार महत्त्वाची आहे. ८,१९,२०० बाइटची इमेज ब्रिटनच्या एकॉर्न संगणकांचीही असते. त्यांच्या फ्लॉपीवर दर ट्रॅकला १०२४ बाइटचे पाच सेक्टर, एकूण बेरीज तीच. फाइलच्या आकारावरून गोटेकला फरक कळत नाही, तुम्हीच सांगावं लागतं.

ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज यादीत पहिली येईल अशा नावाने ठेवा, म्हणजे कीबोर्ड चालू केला की शोधाशोध नको. आणि या पेन ड्राइव्हची एक प्रत संगणकावर असू द्या.

९. प्रत्यक्ष बसवायचं कसं? काही जळेल का?

प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण पॉवर सप्लायचे मोठे कॅपॅसिटर भारलेले असतात. पेंच कुठला कुठून निघाला त्याचे मोबाइलवर फोटो काढत जा. जुन्या ड्राइव्हची केबल काढण्याआधी तर नक्कीच: लाल रेघ कुठल्या बाजूला आहे, आणि ड्राइव्हवर जंपर किंवा सरकती कळ कुठल्या आकड्यावर आहे, दोन्ही फोटोत दिसलं पाहिजे.

केबलची लाल रेघ म्हणजे १ नंबरची पिन. गोटेकच्या सॉकेटला बऱ्याचदा खाच नसते, त्यामुळे केबल उलटी सहज बसते. ती उलटी बसली तर सहसा काही जळत नाही. एका ओळीतल्या सगळ्या पिना जमिनीच्या (ग्राउंडच्या) असतात, त्यामुळे यंत्र फक्त चालत नाही. एक ओळ वर किंवा एक पिन बाजूला सरकूनही केबल बसू शकते, तीही नजरेने तपासा.

जळतं ते पॉवरच्या चार पिनांच्या प्लगमुळे. एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला १२, मधल्या दोन जमिनीच्या. गोटेकला फक्त ५ लागतात. प्लग उलटा गेला तर ५ च्या जागी १२ पोचतात आणि गोटेक तिथल्या तिथे संपतो. संगणकात लाल म्हणजे ५ आणि पिवळी म्हणजे १२ हा संकेत असला तरी कीबोर्डवाल्यांनी तो पाळला असेलच असं नाही. रंगावर जाऊ नका, मीटर लावून बघा.

आता जंपर. एकाच केबलवर एकाहून जास्त ड्राइव्ह असू शकतात म्हणून प्रत्येकाला क्रमांक असतो. गोटेकवर एस० आणि एस१ अशा जागा आहेत. जुन्या ड्राइव्हवर जो क्रमांक होता तोच इथे ठेवा. जुन्यावर काही कळण्यासारखं नसेल तर आधी एस०, न चालल्यास एस१. याने नुकसान होत नाही, निर्धास्त बदलून बघा.

पेंच ३ मिलिमीटरचे, आखूड. लांब पेंच आत बोर्डला टेकतो. पूर्ण झाकण लावण्याआधी एकदा चालू करून ऑपरेटिंग सिस्टिम लोड होते का ते बघा. पुढच्या तोंडाची फट कीबोर्डच्या खाचेशी तंतोतंत जुळत नाही, ही तक्रार सगळ्यांचीच आहे. ३डी प्रिंट केलेली चौकट लावता येते. कीबोर्डचं प्लॅस्टिक मात्र कापू नका, विकायच्या वेळी तेच आधी दिसतं.

१०. आता लोडिंग झटपट होईल ना?

नाही, आणि ही सगळ्यात मोठी निराशा असते. गोटेक फ्लॉपीची नक्कल करतो, म्हणजे तिच्या वेगाचीही. फ्लॉपी सेकंदाला पाच फेऱ्या घेते, एका फेरीत डीडीचा एक ट्रॅक, म्हणजे ५,१२० बाइट. अख्ख्या डिस्कचे १६० ट्रॅक वाचायला किमान ३२ सेकंद. एचडीवर दुप्पट माहिती तेवढ्याच वेळात येते, पण खाली मात्र कुणी जाऊ शकत नाही. हवा तो आवाज लगेच सापडतो, फ्लॉपी अडत नाही आणि मोटरचा घरघराट जातो, फायदा एवढाच. वेग हवा असेल तर प्रश्न १५.

११. डीडी इमेज चालतात, पण एएसआर-१० वर एचडी इमेज ओळखल्याच जात नाहीत.

आधी फाइल नेमकी १६,३८,४०० बाइटची आहे ना ते बघा. १४,७४,५६० असेल तर ती संगणकाच्या फ्लॉपीची इमेज आहे, एन्सोनिकची नाही.

आकार बरोबर असेल तर शंका २ नंबरच्या पिनेवर घ्या. खऱ्या ड्राइव्हमध्ये फ्लॉपीचं जादा भोक बघून "ही एचडी आहे" असा इशारा देण्याची सोय असते, आणि काही यंत्रं त्याची याच पिनेवर वाट बघतात. फ्लॅशफ्लॉपीच्या एफएफ.सीएफजीमध्ये इंटरफेस नावाची ओळ आहे, तिथे आयबीएमपीसी-एचडीआउट हा पर्याय निवडला की गोटेक तो इशारा देतो. याच ओळीवर ३४ नंबरच्या पिनेचं वागणंही ठरतं: काही यंत्रांना तिथे "ड्राइव्ह तयार" हवं असतं, काहींना "डिस्क बदलली". डिस्क बदलूनही पडद्यावर जुनीच यादी दिसत राहिली तर हीच ओळ बदलून बघा.

ईपीएसवर एचडी इमेज चालणारच नाहीत. तो डीडीच्या काळातला आहे.

१२. आवाजांच्या फाइल डाउनलोड केल्या, पण कुणी ईडीई, कुणी ईएफई, कुणी जीकेएच. गोटेक वाचत नाही.

ईएफई म्हणजे एकच आवाज, अख्खी डिस्क नव्हे. तो ईपीएसलिनने एखाद्या इमेजच्या आत टाकावा लागतो. ईडीई ही ईपीएसची आणि ईडीए ही एएसआरची डिस्क, मधल्या रिकाम्या जागा गाळून लहान केलेली. जीकेएच हाही डिस्क इमेजचाच एक प्रकार. या तिन्हींचं रूपांतर करून सरळ आयएमजी बनवा. रूपांतरानंतर आकार प्रश्न ४ मधल्या दोन आकड्यांपैकी एक आला नाही तर ती फाइल पेन ड्राइव्हवर नेऊ नका.

१३. नवीन सॅम्पल सेव्ह करायला कोरी डिस्क कशी आणायची?

एक कोरी इमेज तयार करा, कीबोर्डवरून तिला फॉरमॅट करून नाव द्या, मग संगणकावर तिच्याच प्रती काढत राहा. प्रत्येक प्रतीचं डिस्क-नाव मात्र कीबोर्डवरून वेगळं करा, का ते पुढच्या उत्तरात. सेव्ह चालू असताना पेन ड्राइव्ह उपटू नका.

१४. बँक लोड करताना मध्येच दुसरी डिस्क मागतो, ती दिली तरी ऐकत नाही.

एन्सोनिकची बँक फाइल आवाज स्वतःत ठेवत नाही. कुठला आवाज कुठल्या नावाच्या डिस्कवर आहे एवढंच ती लक्षात ठेवते. ती मागते ते डिस्कचं आतलं नाव, तुम्ही संगणकावर दिलेलं फाइलचं नाव नव्हे. एकाच आतल्या नावाच्या चार इमेज असतील तर तुम्ही चुकीची देता आणि तो हटून बसतो. म्हणून फाइलचं नाव आणि आतलं नाव एकच ठेवायची शिस्त लावून घ्या. आवाज हार्ड डिस्कवर हलवले तर तिथून पुन्हा लोड करून बँक नव्याने सेव्ह करा.

१५. स्कझी लावणं कुणाला परवडतं? मला गरज आहे का?

स्कझी म्हणजे हार्ड डिस्कसारखी साधनं जोडायची जुनी पद्धत. गरज आहे का हे तुमच्या मेमरीवर अवलंबून. एएसआर-१० मूळ २ एमबीचा, ३० पिनांचे सिम (मेमरीच्या पट्ट्या, मोबाइलचं कार्ड नव्हे) लावून १६ एमबीपर्यंत जातो. १६ एमबी भरायचे तर दहाहून जास्त एचडी फ्लॉप्या एकामागून एक. स्टेजवर हे शक्यच नाही. २ एमबीवरच असाल आणि घरी बसून वाजवत असाल तर गोटेक पुष्कळ झाला, पैसे मेमरीत घाला.

स्कझीमुळे वेग अनेक पट वाढतो, आणि एन्सोनिकची खरी गंमत तेव्हाच कळते: एक आवाज वाजवत असताना दुसरा लोड होत राहतो. ईपीएस या नावातला 'पी' परफॉर्मन्सचा आहे तो यासाठीच. एएसआर-१० च्या रॅक अवतारात स्कझी आधीपासून आहे. कीबोर्डमध्ये एसपी-३ नावाचं वेगळं कार्ड लागतं, आणि ते आज जुन्या बाजारातच शोधावं लागतं. कीबोर्ड विकत घेण्याआधी मागे २५ पिनांचं तोंड आहे का बघा. असेल तर थोडी जास्त किंमतही द्यायला हरकत नाही, नंतर कार्ड शोधणं त्याहून महाग जातं.

सावधान: हे तोंड जुन्या प्रिंटरच्या केबलसारखंच दिसतं. प्रिंटरची केबल किंवा प्रिंटरसाठीचं काहीही तिथे लावायचं नाही.

१६. जुनी हार्ड डिस्क शोधू की एसडी कार्डवालं घेऊ?

एसडी कार्ड. जुन्या स्कझी डिस्क गरम होतात, आवाज करतात आणि केव्हाही बसतात. झुलूस्कझी, ब्लूस्कझी, एससीएसआय२एसडी हे तीन पर्याय प्रचलित आहेत. पहिल्या दोघांत हार्ड डिस्क म्हणजे कार्डावरची एक फाइल. 'एचडी' आणि पुढे स्कझी क्रमांक असं नाव दिलं की झालं. तिसऱ्यात वेगळ्या सॉफ्टवेअरने मांडणी करावी लागते. २५ पिनांचं तोंड असलेले नमुनेही मिळतात, ते कीबोर्डच्या मागे थेट बसतात.

डिस्कची फाइल काही शे एमबीचीच करा. ३२ जीबीचं कार्ड आहे म्हणून ३२ जीबीची डिस्क देऊ नका, १९९० च्या दशकातल्या ऑपरेटिंग सिस्टिमला ते झेपत नाही. ५०० एमबीत १६ एमबीच्या तीस भरगच्च बँका मावतात. कार्ड नावाजलेल्या कंपनीचं आणि खात्रीच्या दुकानातून, कारण नकली कार्डांचा सुळसुळाट आहे.

आणि स्कझी आल्यावर गोटेक काढू नका. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तो दरवाजा उघडा असलेला बरा.

१७. स्कझी लावलं, पण यादीत डिस्क दिसतच नाही.

तपासायचा क्रम असा. क्रमांक: ० ते ७ पैकी एक क्रमांक कीबोर्ड स्वतःसाठी घेतो, तो डिस्कला देऊ नका, मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. वीज: बरेच सॅम्पलर स्कझी तोंडातून वीज देत नाहीत, त्यामुळे एसडीवाल्या बोर्डाला वेगळी यूएसबी वीज द्यावी लागते. बोर्डवरचा दिवा लागतच नसेल तर कारण हेच. टर्मिनेशन (केबलच्या टोकाशी लागणारे रेझिस्टर): साखळीच्या दोन्ही टोकांना असावं, मध्ये नसावं. फॉरमॅट: नवीन डिस्क कीबोर्डवरूनच फॉरमॅट करावी लागते, संगणकावरून केलेली चालत नाही. आणि केबल लावणं-काढणं दोन्ही यंत्रं बंद असतानाच.

१८. ईपीएसच्या डिस्क एएसआर-१० वर चालतील का? आणि उलट?

ईपीएस आणि ईपीएस-१६ प्लसचे आवाज एएसआर-१० वाचतो. उलट नाही. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र ज्याची त्याचीच लागते. पेन ड्राइव्हवर तिन्हींच्या सिस्टिम इमेज असतील तर नावात यंत्र लिहा.

१९. कीबोर्ड अमेरिकेतून आणलाय. ड्राइव्ह बदलून झाल्यावर इथे सरळ लावू का?

मागची पट्टी वाचा. १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर सरळ लावणं म्हणजे पॉवर सप्लायला अग्नी देणं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरा, पट्टीवर लिहिलेल्या वॉटच्या दीडपट तरी क्षमतेचा. हेअर ड्रायरसाठी मिळणारे छोटे हलके कन्व्हर्टर नकोत, त्यातून येणारी वीज असल्या यंत्रांसाठी नसते.

२०. गोटेकच्या पेंचाला हात लागला की झिणझिण्या येतात. गोटेक खराब आहे का?

गोटेक नाही, तुमच्या भिंतीतलं अर्थिंग. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून थोडी वीज धातूच्या सांगाड्यावर येते, आणि अर्थची तार नीट असेल तर तीच जमिनीत जाते. जुन्या इमारतींत तिसरी पिन नुसती शोभेची असते. इलेक्ट्रिशियनला बोलवा. तोवर संगणक आणि कीबोर्ड एकाच एक्स्टेन्शनवर ठेवा, वेगवेगळ्या खोल्यांतून नको.

२१. जुना ड्राइव्ह भंगारात देऊ का?

नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलसोबत कीबोर्डच्या खोक्यातच ठेवा. अजून वाचायची राहिलेली एखादी फ्लॉपी हमखास निघते, आणि ज्या हेडने लिहिली त्याच हेडवर ती कधीकधी नीट वाचली जाते.

२२. नवीन डीडी फ्लॉप्या मिळतात का? एचडीचं भोक चिकटपट्टीने बुजवून चालेल?

सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली, आता जे मिळतं ते जुन्या साठ्यातलं. भोक बुजवलेली एचडी फ्लॉपी डीडी म्हणून फॉरमॅट होते, पण दोन्हींवरचा चुंबकीय लेप वेगळा आहे. आज वाजेल, वर्षभराने वाचेलच असं नाही. तातडीला ठीक, जपून ठेवायला नाही.

२३. माझ्याकडे एन्सोनिक नाही, दुसराच फ्लॉपीवाला कीबोर्ड आहे. हेच सगळं लागू होतं का?

थोडंफार. एन्सोनिकच्याच मिराजची डिस्क आणखी विचित्र: दर ट्रॅकला १०२४ बाइटचे पाच सेक्टर आणि वर ५१२ चा एक, एकूण ४४० केबी. फ्लॅशफ्लॉपीत तिची वेगळी मांडणी द्यावी लागते. कॅसिओ एफझेड-१ साठी होस्टच्या यादीत कॅसिओ हा पर्याय आहे. अकाई एस९५० साठी इंटरफेसच्या ओळीत खास त्याच्या नावाचाच पर्याय आहे.

ऑर्केस्ट्रावाल्या मंडळींकडचे यामाहाचे फ्लॉपीवाले अरेंजर कीबोर्ड सोपे, कारण त्यांच्या फ्लॉप्या संगणकाच्याच पद्धतीच्या. गोटेकचं कारखान्यातलं फर्मवेअरही तिथे बऱ्याचदा चालतं. पण आत ३४ ऐवजी २६ पिनांची कागदासारखी पातळ पट्टी असू शकते. ऑर्डर देण्याआधी झाकण उघडून बघा, नाहीतर रूपांतर करणारं छोटं बोर्ड वेगळं मागवावं लागेल.

रोलँड एस-१० किंवा अकाई एक्स७००० असेल तर गोटेक विसरा. त्यांच्यात २.८ इंची क्विक डिस्क आहे. तिच्यावर एकच ट्रॅक ग्रामोफोनच्या तबकडीसारखा गोल गोल आत जातो, सेक्टर निवडून वाचण्याची सोयच नाही. तिथे बहुतेक वेळा बिघडलेला असतो तो रबरी पट्टा, तेवढा बदलून बघा. नाहीच जमलं तर क्विक डिस्कसाठी बनवलेली वेगळी एम्युलेटर सर्किटं आहेत, ती घ्यावी लागतात.